समोरचा तांब्या

शाळेतल्या मुलांना ‘मनातलं चित्र काढा’ असं सांगितलं की काय निघतं, हे महाराष्ट्रात कुठेही पाहता येईल. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या बेचक्यातून वर येणारा सूर्य, डोंगरातून निघून कागदाच्या खालच्या कडेपर्यंत रुंद होत आलेली नदी, काठावर कौलारू घर, घराला खेटून नारळाचं झाड आणि आभाळात इंग्रजी व्हीसारखे चार पक्षी. मी यवतमाळची. आमच्याकडे नारळ यायचा तो देवापुढे फोडायला, नाहीतर ओटीत घालायला. झाडाला लागलेला नारळ मी बऱ्याच उशिरा पाहिला. तरी माझ्या लहानपणीच्या प्रत्येक देखाव्यात ते झाड आहे. वर्गातल्या सगळ्यांच्याच देखाव्यात होतं. फाल्गुनातला पळस, वेचणीला आलेला कापूस, घरांवरची टिनं, धुऱ्यावरच्या बाभळी हे सगळं रोज डोळ्यांपुढे. पण ‘मनातलं’ म्हटलं की त्यातलं काहीच कागदावर यायचं नाही.

मग एलिमेंटरीची परीक्षा आली. कलासंचालनालयाच्या या रेखाकला परीक्षा, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांनी दिल्या आहेत. (हल्ली त्यांची चौकशी दहावीच्या वाढीव गुणांपुरतीच होते, पण तो विषय वेगळा.) स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन, कर्तव्य भूमिती आणि वस्तुचित्र. वस्तुचित्राच्या सरावाला आमचे ड्रॉइंगचे सर टेबलावर पितळी तांब्या ठेवायचे, त्यापुढे दोन वांगी, आणि मागे चुण्या पडतील अशा बेताने एक फडकं. आम्ही भोवती अर्धगोल करून बसायचो. ‘तुला तुझ्या जागेवरून दिसतं तसं काढ. शेजारणीच्या कागदात बघू नको, तिला तिथून वेगळंच दिसतंय,’ एवढंच सर सांगत.

तास संपला की कागद भिंतीशी ओळीने लावले जात. तांब्या तोच, वांगी तीच. पण एकीचा तांब्या ऐसपैस पोट सुटलेला, दुसरीचा अंग चोरून उभा. एकीने सगळा वेळ फडक्याच्या चुण्यांत घालवलेला, वांगी तशीच राहिलेली. वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या एका मुलाच्या तांब्यावर खिडकीच्या गजांचं वाकडं प्रतिबिंब उतरलं होतं. ते आम्हा सगळ्यांच्या समोर होतं आणि आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

म्हणजे मनातलं काढायला सांगितलं तर सगळ्यांचं एकसारखं, आणि समोरचं काढायला सांगितलं तर प्रत्येकाचं निराळं. चित्रातून माणूस व्यक्त होतो असं कुणी म्हणालं की मला हा उलटा हिशेब आठवतो. आत काहीतरी साठलेलं असतं आणि ब्रश हातात घेतला की ते भडाभडा बाहेर येतं, हे चित्रकलेचं वर्णन मला कधी पटलेलं नाही. आत साठलेलं बहुतेक वेळा दुसऱ्याकडून उचललेलं असतं. आपलं असं जे काही असतं ते आपण एखाद्या वस्तूकडे तासभर बघत बसलो, तिच्यात अडकलो, स्वतःचा विचार करायला सवडच मिळाली नाही, की नकळत उतरतं.

लग्नानंतर मी सातारला आले. नोकरी, मुलं, सासूबाईंचं आजारपण यांत रंगपेटी कपाटात गेली ती मुलगा कॉलेजात गेला तेव्हा बाहेर आली. कॅमलच्या वड्या पार तडकल्या होत्या. नवे रंग आणले ते ट्यूबमधले, जलरंग. जलरंगच का, याचं कारण अगदी घरगुती आहे: वास येत नाही, पसारा कमी होतो आणि जेवणाचं टेबल पंधरा मिनिटांत पुन्हा जेवणाचं होतं. तैलरंगाला लागणारी वेगळी खोली आणि वेगळा वेळ माझ्याकडे नव्हता. पण हळूहळू कळलं की हे माध्यम दिसतं तेवढं गरीब नाही.

जलरंगात रंग थोडा, पाणी फार. रंगद्रव्याची पूड डिंकात बांधलेली असते, पाणी तिला कागदावर पसरवतं, आणि ते उडून गेलं की पूड कागदाच्या खळग्यांत बसून राहते. किती पाणी, कागद किती ओला, हवा कशी, कागद किती कललेला, सगळ्यावर सगळं अवलंबून. एप्रिलच्या दुपारी सातारच्या हवेत वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, अर्धा होईतो वरची कड वाळून जाते, नि श्रावणात तोच वॉश वाळता वाळत नाही. ओला असताना जो रंग नेमका वाटतो तो वाळल्यावर फिका पडतो, म्हणून हात नेहमी थोडा जास्त गडद ठेवावा लागतो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना एकत्र केले की एक करडा तयार होतो. त्यातल्या निळ्याचे कण एकमेकांना धरून गोळा होतात, ते खाली बसताना दाणेदार पोत तयार करतात, आणि घाटाचा काळा दगड आपण न रंगवता दगड होतो. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी ब्रश खाली ठेवून नुसती बघत राहिले. हे मी केलं नव्हतं. निम्मं पाण्याने केलं होतं.

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे पांढरा. पारदर्शक जलरंगात पांढरा लावायचा नसतो. उजेड म्हणजे कागद. जिथे उन्हाचा तुकडा हवा आहे तिथे ब्रश जाऊ द्यायचा नाही, हे चित्र सुरू करण्याआधी ठरवावं लागतं, आणि दोन तास भोवताली रंग चालू असताना तेवढी जागा राखावी लागते. एकदा गेला की तो पांढरा परत येत नाही. खरवडून, पुसून थोडा येतो, पण त्यात जान नसते.

यासाठी हळदणकरांचं ते चित्र बघावं. सावळाराम लक्ष्मण हळदणकर, १८८२ साली सावंतवाडीत जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले. त्यांचं ‘ग्लो ऑफ होप’ म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या चित्रसंग्रहालयात आहे. हातात दिवा घेतलेली, साडी नेसलेली एक तरुण स्त्री. दुसरा हात ज्योतीच्या आड धरलेला. ज्योतीचा उजेड बोटांतून आरपार येतोय आणि चेहऱ्यावर पसरतोय. मॉडेल म्हणून त्यांची मुलगी गीता उभी होती. हे चित्र कॅलेंडरांवर, मिठाईच्या खोक्यांवर, कुठे कुठे छापलं गेलं, आणि निम्मे लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात. आम्ही सहलीला गेलो तेव्हा शेजारी उभं राहून एक गृहस्थ बायकोला तेच ठासून सांगत होते. मी मध्ये बोलले नाही, पण बसमध्ये येईपर्यंत माझ्या नवऱ्याला मात्र ऐकावं लागलं.

ते जलरंगातलं चित्र आहे हे आधी माहीत असूनही समोर उभं राहिल्यावर विश्वास बसत नाही. ज्योतीपुढची बोटं लाल आणि उजळ दिसतात. ती तशी दिसण्यासाठी भोवतीचा अंधार थरावर थर देत आणत जायचा आणि बोटांपाशी हात आवरायचा. चित्र बघणारा ‘काय भाव आहे चेहऱ्यावर!’ म्हणतो. भाव आहेच. पण चित्रकार ज्या क्षणी बोटांच्या कडेवर होता त्या क्षणी त्याच्या डोक्यात आशा, स्त्रीत्व, दिवाळी यांतलं काही असेल असं मला वाटत नाही. ब्रशमध्ये पाणी किती आणि मागचा थर वाळलाय का, एवढंच असणार. मुलीवरची माया त्या काळजीतूनच उतरली असली तर उतरली.

आमच्या सातारा जिल्ह्यात औंधला यमाई देवीच्या डोंगरावर भवानी वस्तुसंग्रहालय आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ साली उभारलं. तिथे रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत, बॉम्बे स्कूलची, म्हणजे मुंबईच्या जे. जे.च्या परंपरेतली कितीतरी माणसं आहेत, आणि इंग्लिश शिल्पकार हेन्री मूरचं एक छोटं शिल्पही आहे. दुष्काळी माणदेशाच्या उंबरठ्यावर हेन्री मूर! पंत स्वतः चित्रं काढत, रामायणावर त्यांनी चित्रमालिका केली. खरं सांगायचं तर त्यांच्या स्वतःच्या चित्रांपेक्षा त्यांनी काय काय जमवलं त्यातून मला ते जास्त कळतात.

रविवारी आमचा एक गट लँडस्केपला जातो. कुणी शाळेत शिक्षक, कुणी औषधांच्या दुकानात, एक निवृत्त इंजिनिअर, त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. आवडती जागा वाईजवळचं मेणवली. कृष्णेचा चंद्रकोरीसारखा वळलेला घाट, नाना फडणवीसांचा वाडा, मेणेश्वराचं देऊळ, आणि वसईच्या मोहिमेनंतर आणलेली ती पोर्तुगीज घंटा. इतकी चित्रं आणि इतके सिनेमे या घाटावर झालेत की तिथे नवं काही उरलं नसणार असं वाटावं. आम्ही पुन्हा जातो. पायऱ्यांवर अंतर ठेवून बसतो, दोन-अडीच तास कुणी बोलत नाही, मग डबे उघडतात आणि चित्रं पायऱ्यांवर मांडली जातात.

काकांच्या चित्रात घाटाची एकही पायरी वाकडी नसते आणि एकही माणूस नसतो. समोर कपडे धुणाऱ्या बायका असतात, म्हशी असतात, पोहणारी पोरं असतात, काकांच्या मेणवलीत संचारबंदी. औषधाच्या दुकानातले गृहस्थ उलट: घाट नुसता चार फटकाऱ्यांत, आणि धुण्याची बादली मात्र निळीजर्द, कडीसकट. शाळेतल्या बाई नदीतल्या प्रतिबिंबापासून सुरुवात करतात आणि घाटापर्यंत पोहोचेतो जेवणाची वेळ होते. कधीतरी काका माझ्या चित्रासमोर थांबले आणि म्हणाले, ‘बाई, तुमचं आकाशाशी काही भांडण आहे का?’ मी मागची चित्रं आठवून पाहिली. खरंच, क्षितिज कायम कागदाच्या वरच्या टोकाला. आभाळाला बोटभर पट्टी, बाकी सगळी जमीन: पायऱ्या, शेवाळ, चिखल, कुणाची चप्पल. मी असं कधी ठरवलं नव्हतं. कुणी मानसशास्त्राच्या अंगाने त्याचं कारण सांगेल, सांगितलंही एका मैत्रिणीने, बालपण वगैरे. मला त्यात फारसा रस नाही. मला गंमत वाटली ती वेगळीच: इतकी वर्षं मी घाटच बघत होते आणि कागदावर खाली बघणारी एक बाई जमा होत होती.

आता मी मुद्दाम आभाळ मोठं काढून बघते. जमतं. पण ती चित्रं दुसऱ्या कुणाचीतरी वाटतात.

चित्रकार के. एच. आरा यांच्याबद्दल कमी बोललं जातं. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपमध्ये, म्हणजे मुंबईतल्या आधुनिक कलावंतांच्या गटात, सूझा, रझा, हुसेन, गाडे, बाकरे यांच्याबरोबरचे हे सहावे. लहानपणीच घरातून पळून मुंबईला आलेले, घरकाम केलं, मोटारी धुतल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. कलाशाळेतलं रीतसर शिक्षण नाही. असं आयुष्य असलेल्या माणसाने काय रंगवावं? आपण लगेच म्हणू, भूक, रस्ता, तुरुंग. आरांचं नाव आज निघतं ते फुलदाण्यांसाठी. टेबल, त्यावर भांडं, भांड्यात फुलं, जलरंगही तैलरंगासारखा दाट लावलेला. बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक त्यांना १९५२ साली मिळालं ते ‘टू जग्ज’ या चित्राला. दोन सुरया, बस्स. सूझांच्या चित्रांतला राग लांबूनही ऐकू येतो. आरांच्या फुलदाण्या तशा ओरडत नाहीत, पण ते भांडं ज्या ठामपणे टेबलावर बसलेलं असतं तो ठामपणा सुखवस्तू घरातून आला असता असं मला वाटत नाही. हे माझं वाचन आहे, आरांनी असं काही म्हटलेलं नाही.

वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांची गोष्ट याहून जास्त बोलकी आहे. डहाणू तालुक्यात गंजाडजवळ कलंबीपाड्यावर ते राहत. लहानपणी आई गेली आणि त्या धक्क्याने त्यांचं बोलणंच थांबलं. काही वर्षं ते धुळीत आकृत्या काढून आपलं म्हणणं सांगत, अशी त्यांची हकिगत सांगितली जाते. इथे चित्र ही हौस नव्हती. दुसरं काही उरलंच नव्हतं.

पण धुळीतल्या त्या मुलाला मिळालेली चित्रभाषा त्याने एकट्याने घडवलेली नव्हती. वारल्यांच्या लग्नघरात सवाशिणी गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. चौकात पालघट देवी, भोवती नक्षीच्या पट्ट्या, बाहेर झाडं, प्राणी, तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याभोवती फिरणारा नाच. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते, चौक पुरा झाल्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही. माणूस म्हणजे टोकाशी टोक जोडलेले दोन त्रिकोण, डोक्याला वर्तुळ. रंग एकच, पांढरा. ब्रश म्हणजे टोक चावून मऊ केलेली काडी. काय काढायचं, कुठे काढायचं, कुणी काढायचं, सगळं ठरलेलं. ‘स्वतःचं काहीतरी’ करायला यात जागा कुठे आहे, असं शहरातल्या माणसाला वाटेल.

शिवाय हे काम बायकांचं. म्हशे पुरुष असून, आणि लग्न नसताना, रोज काढत बसत. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी या पाड्यांवर पोहोचले. हे तेच जे. जे. मधले चित्रकार, ज्यांनी त्याआधी बिहारमध्ये मधुबनीच्या बायकांना कागद दिला होता. त्यांनी म्हशेंनाही कागद आणि रंग दिला, आणि भिंतीवर सणापुरतं राहणारं चित्र टिकू लागलं. पुढे देशात-परदेशात प्रदर्शनं झाली, २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले.

त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र ज्याने पाहिलंय तो ते विसरत नाही. कागद भरून एक प्रचंड जाळं, केसाएवढ्या पांढऱ्या रेघांचं, आणि त्याच्या कडेने किडामुंगीएवढी माणसं आणि मासे. नजर एका जागी ठरत नाही, सगळं हलतंय असं वाटतं. दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ यांपलीकडे त्यात काही नाही. सगळे वारली तेच आकार काढतात, आज तर ते आकार कुडत्यांवर, चहाच्या कपांवर, विमानतळाच्या भिंतींवर आहेत. पण म्हशेंची रेघ शंभरात ओळखू येते. माझ्या आईची ठिपक्यांची रांगोळीही फाटकापासून ओळखू यायची, शेजारच्या काकूंनी अगदी तेच ठिपके, तीच जोडणी केली तरी. आईची रेघ ठिपक्यापाशी किंचित रेंगाळायची.

मौन धरलेल्या त्या मुलाचं दुःख म्हशेंच्या चित्रात शोधायला गेलं तर सापडणार नाही. तिथे भात लावणी आहे, तारपा आहे, जाळं आहे. समोरचं आहे. मला हे फार मोठं वाटतं.

माझं म्हणणं इथवर सरळ चाललंय असं वाटत असतानाच गायतोंडे आडवे येतात. चित्रकार वासुदेव गायतोंडे, १९२४ चा जन्म, नागपूरचा. घराणं गोव्याचं, वाढले गिरगावात. नागपूरच्या जन्मामुळे आम्हा वैदर्भीयांना ते उगाचच आपले वाटतात. त्यांच्या चित्रात तांब्या नाही, घाट नाही, माणूस नाही. आपल्या चित्रांना अमूर्त म्हटलेलंही त्यांना चालत नसे. मग समोर काय होतं? की हे सगळं ‘मनातलं’च?

त्यांचं काम करण्याचं वर्णन वाचलं की थोडा उलगडा होतो. रोलरने रंगाचा थर द्यायचा, पॅलेट नाइफने काढायचा, कागदाचे तुकडे दाबून रंग उचलायचा, पुन्हा थर. आणि मधले कितीतरी दिवस नुसतं कॅनव्हाससमोर बसायचं. वर्षाला चित्रं मोजकीच होत. लिलावातले आकडे बाजूला ठेवू, ते ऐकून डोकं चालेनासं होतं. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं, त्याच्या नावातच चित्र ही प्रक्रिया आणि चित्र हेच जगणं असा अर्थ होता. मुंबईत एका प्रदर्शनात मी त्यांच्या एका पिवळ्या-तपकिरी कॅनव्हाससमोर उभी होते. आधी नुसता रंग दिसला. मग थरांमागचे थर दिसायला लागले, कुठे खरवडलंय, कुठे थांबलंय, कुठे तसंच राहू दिलंय. त्यांच्या समोरची वस्तू म्हणजे रंगच होता. त्याच्याकडे ते आमच्या सरांच्या तांब्याकडे बघावं तसे बघत होते, फक्त कितीतरी जास्त वेळ. हे मला माझ्या सोयीसाठी काढलेलं उत्तर वाटतं का? थोडंसं वाटतं. पण त्या चित्रापुढे ‘भावना ओतल्यात’ हे वाक्य तर मुळीच उभं राहत नाही.

सध्या ‘व्यक्त व्हा’चं पेव फुटलंय. महिला दिनाला आमच्या ऑफिसने अशी एक कार्यशाळा ठेवली होती. ॲप्रन, छोटा कॅनव्हास, ॲक्रिलिकच्या बाटल्या, मागे बासरी. शिकवणारी मुलगी गोड होती. म्हणाली, ‘मॅम, काही ठरवू नका, मनात जे येईल ते.’ मग मदत म्हणून सांगितलं, राग असेल तर लाल, शांत वाटत असेल तर निळा, आशा असेल तर पिवळा. दोन तासांनी सगळ्या कॅनव्हासांवर लाल, निळा, पिवळा होता, आणि कॅनव्हास अदलाबदल झाले असते तरी कुणाला पत्ता लागला नसता. मोठ्यांचं नारळाचं झाड. बायका खुशीत होत्या, मीही होते. दोन तास फोन हातात नव्हता हे काही कमी नाही. ताण उतरतो, हे मी नाकारत नाही. पण ताण उतरणं आणि काही सांगितलं जाणं यांत अंतर आहे.

मनःस्थिती आणि चित्र यांची सांगड तर मला कधीच घालता आलेली नाही. आई शेवटच्या आजारात दवाखान्यात होती तेव्हा मी खिशात मावेल एवढी वही आणि एक पाण्याचा ब्रश घेऊन बसायची. झोप नाही, बोलायला कुणी नाही. सलाइनचा स्टँड काढला, खिडकीचे गज काढले, टेबलावरचं मोसंबं, पाण्याचा स्टीलचा पेला, आईची उशीवरची वेणी. नंतर ती वही पाहून बहीण म्हणाली, ‘किती प्रसन्न आहेत गं ही!’ आणि तिला ते म्हटल्याचं वाईट वाटलं. पण तिचं बरोबर होतं. चित्रं प्रसन्नच आहेत. मोसंब्यावर सकाळचं ऊन आहे आणि मी ते नीट राखलंय. उलट मुलाला नोकरी लागली त्या आठवड्यात काढलेलं भाताचं खाचर असं उदास उतरलं की ते कुणी भिंतीवर लावू देईना.

त्या वहीतली आईची वेणी मात्र मला अजून पाहवत नाही. चित्र म्हणून ती वहीतली सगळ्यात साधी आहे, पाच-सहा फटकारे आणि मध्ये राखलेला कागद.

घरच्यांचे प्रश्न ठरलेले आहेत. ‘एवढा वेळ लावतेस, फोटोच काढला असतास की.’ फोटो मी काढतेच, भरपूर काढते, आणि एकही पुन्हा बघत नाही. ‘आता याचं करायचं काय?’ हा दुसरा. याला उत्तर नाही. दिवाणात एक थप्पी आहे, काही भेट दिली आहेत, ती ज्यांना दिली त्यांच्या दिवाणात असतील. प्रदर्शन भरवावं असं गटात अधूनमधून निघतं आणि हॉलचं भाडं ऐकून थांबतं. मला त्याची फारशी खंत नाही. कुणीतरी बघावं असं वाटतं, पण ते घाटावर डबे उघडताना होतंच, आणि तिथे बघणाऱ्यांनी सकाळभर तोच घाट बघितलेला असतो. इतके जाणकार प्रेक्षक मला कुठल्या गॅलरीत मिळतील?

सध्या माझं डोकं हिरव्याने फिरवलंय. पावसाळ्यात सातारच्या आसपास हिरवा इतका असतो की जलरंगवाल्याने घराबाहेर पडू नये. ट्यूबमधला तयार सॅप ग्रीन लावला की खाचर प्लॅस्टिकचं दिसतं, त्यात पिवळा वाढवला की लिंबाचं लोणचं. मी अलीकडे हिरव्याला मारायला चिमूटभर क्रिमसन घालते. विरुद्ध रंग असल्याने तो खाली बसतो आणि सावलीत जरा जांभळट होतो, तो मला आवडतो. काकांचं म्हणणं की हे साफ चूक आहे, बर्न्ट सिएना घालायला हवी, माती खालून दिसली पाहिजे. गेल्या रविवारी मेढ्याच्या रस्त्याला एकाच बांधावर बसून आम्ही एकच खाचर काढलं, यावरून भांडलो, आणि एकमेकांच्या पॅलेटमधला रंग घेऊन बघायला दोघांनीही नकार दिला. येत्या रविवारी पाऊस उघडला तर तिथेच जायचं ठरलंय. छत्री धरायला मुलगा येतो म्हणालाय, बघू.